म्हैस दुसऱ्या हातावर यायला किती दिवस लागतात?

सांगली जिल्ह्यातल्या कृष्णाकाठच्या एका गावातून एका ताईंचं पत्र आलं आहे. वय ४१. घरी नवरा, सत्तरीच्या सासूबाई, बारावीतली मुलगी आणि नववीतला मुलगा. अडीच एकर रान, त्यातला दीड एकर ऊस. गोठ्यात दोन म्हशी, एक संकरित गाय आणि एक वगार, म्हणजे अजून न व्यायलेली तरुण म्हैस. घरामागे तीन गुंठ्यांची परसबाग, दहा-बारा गावरान कोंबड्या. नवरा कारखान्यात नोकरीला आहे, सकाळी सातला जातो आणि रात्री आठला येतो. सासूबाईंचे गुडघे गेलेत, त्यामुळे गोठा पूर्णपणे ताईंवर आहे. पहाटे साडेचारला उठून शेण, वैरण, धार, डेअरी. दुपारी वैरण कापून आणायची, संध्याकाळी पुन्हा तेच. चार वर्षांत त्या माहेरी एकदाही मुक्कामाला राहिलेल्या नाहीत.

मागच्या महिन्यात आटपाडीला त्यांच्या आईचं खुब्याचं हाड मोडलं. ताई सकाळची धार काढून गेल्या आणि आईजवळ तीन तास बसून संध्याकाळच्या धारेला परत आल्या. आई म्हणाली, "माझ्यापेक्षा तुझी म्हस मोठी." तेव्हापासून झोप नाही. नवरा म्हणतो, सगळं विकून टाक, कटकट जाईल. विकायचा विषय निघाला की सासूबाई जेवत नाहीत. सासरे लवकर गेले, त्यानंतर त्यांनी एका म्हशीवर दोन मुलं शिकवली आहेत. २०१९ च्या पुरात म्हशींचं दावं सोडून यायला त्या तयार नव्हत्या. ताई विचारतात: "जनावरं विकली तर सासूबाई खचतील, नाही विकली तर मी खचेन. काय करू? आमच्या म्हशी माझ्याशिवाय दुसऱ्या कुणाला धार देत नाहीत."

ताई,

तुमचं पत्र दोनदा वाचलं. दुसऱ्या वेळी लक्षात आलं की तुम्ही घरातल्या माणसांची वयं लिहिली आहेत आणि जनावरांची नावं. चंद्री पाय उचलते पण मारत नाही. रानीला पेंड मूठभर कमी पडली तरी कळतं. वगार तानी तुमच्या पावलांचा आवाज ओळखून रेकते. परसबागेतला शेवगा कुठल्या साली लावला, तेसुद्धा तुम्ही लिहिलंय. ज्या बाईला हे सगळं नकोसं झालंय, तिच्या हातून असं पत्र उतरत नाही. म्हणून "विकू का" या प्रश्नाला लगेच हो किंवा नाही म्हणायला मी तयार नाही. तुम्हाला नकोसं काय झालंय, ते आधी नीट वेगळं काढू.

त्याआधी एक गोष्ट, जी तुम्ही पत्रात कंसात लिहून सोडून दिली आहे. रात्री उजव्या हाताची बोटं बधिर होतात, झटकली की बरं वाटतं. अंगठा आणि त्याच्या शेजारची दोन बोटं झोपत असतील तर मनगटात शीर दबत असण्याची शक्यता असते. वर्षानुवर्षं हातानं धार काढणाऱ्यांना हा त्रास होतो. लवकर दाखवलं तर रात्री मनगटाला पट्टा बांधून आणि थोडी विश्रांती देऊन बऱ्याचदा आराम पडतो. अंगावर काढलं तर पकडीची ताकद जाते. या आठवड्यात डॉक्टरांना दाखवा. धार काढताना अंगठा दुमडून सड दाबायची सवय असेल तर ती मोडा आणि पूर्ण मुठीनं काढा. अंगठ्याचा जोर तुमच्या सांध्यालाही वाईट आणि सडालाही. सडाला आतून इजा होऊन पुढे कासेचा आजार लागतो.

हाताचं आधी सांगितलं, कारण तुमच्या सगळ्या पेचाचं मूळ तिथेच आहे. चार जनावरं, तीन गुंठे बाग, घरातली चार माणसं आणि दर दहा दिवसांचं दुधाचं बिल, हे सगळं एका उजव्या हातावर उभं आहे. उद्या तो हात प्लास्टरमध्ये गेला, तर त्या संध्याकाळी चंद्रीची धार कोण काढणार? विकायचं की ठेवायचं हे ठरवण्याआधी तुमच्या घराला या प्रश्नाचं उत्तर लागेल. विकायचं ठरलं तरी लागेल, कारण चांगलं गिऱ्हाईक मिळेपर्यंत धार काढावीच लागते.

तुम्ही लिहिता, म्हशी माझ्याशिवाय कुणाला धार देत नाहीत. ताई, म्हैस हाताला सवकते हे खरं. गाईपेक्षा ती जास्त हट्टी. अनोळखी माणूस, नवा आवाज, वेळेत बदल झाला की पान्हा चोरते. जनावर बावरलं की पान्हा सुटत नाही, कासेत दूध असूनही सडातून येत नाही. पण ही सवय लागलेली असते, आणि लागलेली सवय बदलते. माझं लहानपण खटाव तालुक्यातलं. धाकट्या भावाच्या वेळी आई बाळंतपणाला गेली तेव्हा आमची म्हैस कासेला कुणाला हात लावू देईना. वडिलांनी आईचं लुगडं अंगावर पांघरलं, तिच्यासारखंच "ओ बाय, ओ बाय" म्हणत बसले. पहिल्या दिवशी तांब्याभर दूध निघालं. आठव्या-नवव्या दिवशी लुगडं बाजूला ठेवलं तरी म्हैस हलली नाही. तुमच्याकडच्या जुन्या बायकांना विचारा, अशा आठवणी प्रत्येक घरात निघतील. म्हणजे आपल्या आधीच्या पिढीला हात बदलता येत होता. आपण मध्येच कधीतरी तो एका हाताशी बांधून टाकला.

बदल करायचा तो सावकाश. नव्या माणसानं पहिले चार-पाच दिवस फक्त म्हशीच्या तोंडाशी उभं राहायचं. खुराकाची पाटी त्याच्या हातानं द्यायची, अंग खाजवायचं, बोलत राहायचं. धार तुम्हीच काढा. मग त्यानं कास धुवायची, पुसायची आणि म्हशीला पान्हवायचं. नंतर तुम्ही दोन सड पिळून उठायचं, उरलेले दोन त्यानं पिळायचे. हे आठवडाभर चाललं की तुम्ही तोंडाशी आणि तो कासेशी. शेवटी तुम्ही गोठ्याच्या दारात, मग घरात. या काळात धारेची वेळ, खुराक, जागा, काहीही बदलायचं नाही, एका वेळी एकच बदल. दूध थोडं कमी होईल, घाबरू नका. कास मात्र पूर्ण रिकामी होतेय ना, ते शेवटी तुम्ही हात लावून बघायचं, नाहीतर दगडी, म्हणजे कासेचा आजार, होईल. धार झाली की गव्हाणीत थोडी वैरण टाका म्हणजे जनावर अर्धा तास उभं राहील. सडाची भोकं लगेच मिटत नाहीत, तेवढ्यात शेणात बसलं की रोग आत जातो. हे तुम्हाला माहीत आहे. नव्या माणसाला मात्र पहिल्याच दिवशी सांगा. तीन आठवडे धरा. वगार अजून धारेची नाही, तिला आत्तापासूनच दोन-तीन माणसांच्या हातांची सवय लावा. तिच्या बाबतीत हा पेच उभाच राहणार नाही.

मग हा दुसरा माणूस कोण? इथं मला तुमच्या पत्रातल्या एका वाक्यापाशी थांबावंसं वाटतं. तुम्ही लिहिलंय, "हे बिचारे दिवसभर राबून येतात, त्यांना कुठं सांगू." तुमचे यजमान राबतात यात शंका नाही. पण तुमच्याच पत्रातला हिशोब मी मांडून बघितला. सकाळी दोन तास, दुपारी वैरणीला दीड, संध्याकाळी दोन, म्हणजे रोजचे साडेपाच तास. वर्षाचे दोन हजार तास होतात. आठ तासांची हजेरी धरली तर २५० दिवस भरतात. स्वयंपाक, बाग, ऊस, मुलं यात धरलेलीच नाहीत. कारखान्यातल्या माणसाला आठवड्याची सुट्टी असते, गोठ्यातल्या बाईला नसते. घरातल्या दोन नोकऱ्यांपैकी एकीचाच पगार मोजला जातो, म्हणून दुसरी "घरचंच काम" होते. तुम्हीही तिला नोकरी म्हणत नाही.

त्यांचं "विकून टाक" हे तुमच्या काळजीपोटीच असेल, मी त्यात खोट काढत नाही. पण विकण्यात त्यांच्या हाताला काहीच करावं लागत नाही. सासूबाईंचं न जेवणं तुम्हाला बघावं लागतं, दूध विकत घेणं तुम्हाला निभवावं लागतं. म्हणून त्यांच्यापुढे एकच गोष्ट ठेवा. सुट्टीच्या दिवसाच्या दोन्ही धारा त्यांच्या. शिकायला तीन आठवडे, मग कायमच्या. "मदत करा" असं म्हणू नका. मदत म्हटली की ती मर्जीवर जाते. "हा दिवस तुमचा" म्हणा.

मुलांनाही घ्या, पण दोघांनाही सारखंच. मला भीती आहे की मुलगी बारावीत असूनही तिच्याच हातात बादली येईल आणि नववीतल्या मुलाला क्लासचं कारण मिळेल. मुलीची ही परीक्षेची वर्षं आहेत, तिला यंदा फक्त कोंबड्या आणि अंडी सोपवा. धार मुलाला शिकवा. चौदा-पंधरा वर्षांच्या पोराला तीन आठवड्यांत जमतं.

आता सासूबाई. तुमच्या पत्रात त्यांचा हट्ट आहे, त्यांच्याशी झालेलं बोलणं नाही. सगळं यजमानांच्या मार्फत चाललंय. तरण्या वयात नवरा गेलेली, पदरात दोन मुलं असलेली बाई. पाण्याचं बिल, शाळेची फी, दुकानदाराची उधारी, सगळं एका म्हशीनं फेडलं. त्या काळात तिच्या हातात येणारा स्वतःचा पैसा तेवढा एकच. २०१९ च्या ऑगस्टमध्ये सांगलीत आयर्विन पुलापाशी पाणी ५७ फुटांच्या वर गेलं. तुमच्या काठावरच्या कितीतरी लोकांनी जनावरं सोडून घराबाहेर पाऊल टाकायला नकार दिला. बाहेरच्यांना तो वेडेपणा वाटला. ज्यांनी दावणीवर संसार उभा केला, त्यांना दावं सोडणं म्हणजे काय असतं, हे तुम्ही त्या रात्री डोळ्यांनी पाहिलंय. तुम्ही "विकू या" म्हणता तेव्हा त्यांच्या कानांवर येतं की, तुम्ही जे केलंत त्याची आता गरज नाही, आणि गुडघे गेल्यावर तुमचीही नाही.

एखाद्या दुपारी, धारेच्या गडबडीत नाही, त्यांच्याजवळ बसा. विकण्याचा शब्द काढू नका. पहिली म्हैस कुठल्या बाजारातून आणली, केवढ्याला, पैसे कुणी दिले, हे विचारा. मग तुमचा हात त्यांच्या हातात द्या आणि कुठली बोटं झोपतात ते दाखवा. त्यांनी आयुष्यभर धार काढली आहे, त्यांचीही झोपली असतील. मग म्हणा, "तुमच्या मुलाला नि नातवाला धार शिकवायची आहे. माझ्यानं होणार नाही, तुम्ही शिकवा." त्यांना खाली बसता येत नाही, पण गोठ्याच्या दारात खुर्ची टाकून बसता येतं. पान्हा सुटला की नाही हे त्यांना लांबून कळतं. म्हैस रात्री माजावर आली की रेकण्यावरून ओळखता येतं, ते त्यांच्याकडून शिकून घ्या. म्हशीचा माज बहुतेक वेळा मुका असतो, खुणा बारीक असतात, आणि तो चुकला की २१ दिवस वाया. एक वही करा: भरवल्याची तारीख, गाभण तपासल्याची तारीख, लशीची तारीख, कुणाला किती खुराक. सांगायचं सासूबाईंनी, लिहायचं मुलीनं. तुम्ही नसताना ही वही कामाला येईल. आज ते सगळं तुमच्या डोक्यात आहे, म्हणून तुम्हाला हलता येत नाही.

आता पैशाचं. दूध घरचं, वैरण रानातली, म्हणून फायदाच, असं तुम्ही गृहीत धरलंय. यजमानांनी कटकट म्हणजे तोटाच असं धरलंय. दोघांनीही कागद घेतलेला नाही. पुढची तीन बिलं, म्हणजे एक महिना, प्रत्येक जनावराचं वेगळं लिहा. किती लिटर, काय फॅट, किती पेंड, किती गोळी, डॉक्टरचे किती. दुभत्या मोठ्या जनावराला दिवसाला २० ते २५ किलो ओली आणि ५-६ किलो वाळली वैरण लागते. ती विकत घ्यावी लागली असती तर केवढ्याला पडली असती, तेही धरा. घरी प्यायलेलं दूध, तूप आणि शेणखत जमेत घ्या. शेवटी तुमचे तास लिहा, समोर गावातली बाईमाणसाची हजेरी टाका. हा आकडा बघून वाईट वाटेल, तरी टाका. आणि बिल कुणाच्या खात्यावर जमा होतं? तुमच्या पत्रावरून वाटतं, यजमानांच्या. डेअरीतला कोड तुमच्या नावावर करून घ्या, पैसे तुमच्या खात्यावर येऊ द्या. शेजारच्या जिल्ह्यात म्हसवडला १९९७ साली बायकांची सहकारी बँक उभी राहिली. तिच्यामागची गरज हीच होती, राबणाऱ्या बाईचा पैसा तिच्या नावावर जमा व्हावा. ज्या खात्यात पैसा दिसतो, त्या खात्याच्या कामाला घरात मान येतो. सासूबाईंना हे समजावून सांगावं लागणार नाही.

हिशोब झाला की मग विकण्याचं बोलू. माझा कल कुठे आहे ते आधीच सांगते. तुमच्या पत्रात सगळ्या जनावरांना नाव आहे, फक्त गाईला नाही. ती "गाय" आहे. यजमानांनी तीन वर्षांपूर्वी जास्त दुधासाठी कर्ज काढून आणली, कर्ज आता फिटलं. तिला उन्हाळा सोसत नाही, दोनदा दगडी झाली, डॉक्टर तिच्यासाठीच जास्त येतात, हे सगळं तुम्हीच लिहिलंय. हिशोबात ती तोट्यात किंवा बरोबरीत निघाली तर ती विका आणि दोन म्हशी, वगार ठेवा. उलट निघालं, घरखर्चाचा मोठा भाग तीच उचलते असं दिसलं, तर माझं ऐकू नका, एक म्हैस कमी करा. सगळीच काढायची की सगळीच ठेवायची, अशी अट कुणी घातलेली नाही. ती तुम्ही तिघांनी मिळून धरली आहे.

विकायचं तर जनावर दुधात असताना किंवा गाभण असताना विका. भाकड झाल्यावर पडेल भावात देऊ नका. उन्हाळ्यात चारा आटतो आणि बाजारात जनावरं वाढतात, तेव्हा घाईनं उभं करू नका. दुसरा रस्ता अर्धलीचा. तुमच्याकडे ही रीत आहेच. घरी वेळ आणि वैरण असलेल्या ओळखीच्या माणसाला वगार वाढवायला द्यायची, व्यायल्यावर किंमत करून निम्मी-निम्मी. सासूबाईंना हे विकण्यापेक्षा सोसेल, कारण जनावर गावातच डोळ्यासमोर राहतं. पण मनापासून सांगते, तानी देऊ नका. ती तुमची आहे.

सगळी जनावरं काढली तर परसबागेचं काय, हे तुम्ही विचारलेलं नाही. मी विचारते. एक मोठं जनावर दिवसाला १० ते १५ किलो शेण देतं, तुमच्या तीन गुंठ्यांना एका जनावराचं खत पुरून उरतं. तेही गेलं तर वांगी-घेवड्यासाठी खत विकत आणावं लागेल. गोबरगॅसचंही लक्षात घ्या. घरगुती दोन घनमीटरच्या टाकीला दिवसाला सुमारे ५० किलो शेण लागतं, गाय गेली की गॅस कमी पडेल आणि सिलिंडरचा खर्च वाढेल. हेही वहीत लिहा.

काम हलकं करायचे मार्ग बरेच आहेत, त्यातला एकच सविस्तर सांगते, कारण तुमचा दुपारचा दीड तास तोच खातो. रोजची वैरण. दहा गुंठे मका करा. कणीस दुधातून घट्ट होऊ लागलं, साधारण ७५ ते ९० दिवसांत, की एकदाच कापा, कुट्टी करा आणि मुरघासाच्या पिशव्यांमध्ये दाबून भरा. हवा राहता कामा नये, पायांनी तुडवून थर लावा. दहा गुंठ्यांत चार टनांच्या आसपास चारा निघतो. दीड महिन्यात मुरघास तयार होतो, आणि पिशवीला भोक पडलं नाही तर महिनोन्‌महिने टिकतो. एकदा फोडली की रोज वरून एक थर काढायचा. बुरशी आलेला भाग जनावराला घालायचा नाही. भरायचे दोन दिवस चार माणसं लागतात, पण पिशव्या पुरतील तोवर भर दुपारी भारा डोक्यावर घेऊन बांधावरून यावं लागत नाही. आजारी आईकडे चार दिवस राहायचं तर घरच्यांना वैरण कापायला जावं लागत नाही, पिशवीतून पाटी भरायची एवढंच. ऊसतोडीच्या दिवसांत तुमच्याकडे वाढ्यांवर, म्हणजे उसाच्या हिरव्या शेंड्यांवर, भर असतो. वाढ्यात ऑक्झलेट असतं, ते जनावराच्या अंगातलं कॅल्शियम बांधून ठेवतं. वाढे घालता तेव्हा चुन्याची निवळी शिंपडा आणि रोज ५० ग्रॅम खनिज मिश्रण चुकवू नका. म्हैस व्याल्यावर आडवी पडली तर तुमचं माहेरपण पुन्हा बुडेल.

आणि आता मला सगळ्यात जवळचं वाटतं ते. पैरा. तुमच्या सासूबाईंच्या पिढीनं पैऱ्यानं पेरण्या केल्या. आज तुझ्या रानात माझे बैल, उद्या माझ्या रानात तुझे. कुठे याला सावड म्हणतात. भांगलणीला बायका अजूनही करतात. गोठ्याचा पैरा मात्र कुणी करत नाही, कारण म्हैस परक्या हाताला धार देत नाही असं आपण सगळ्या धरून बसलो आहोत. तुमच्या आळीत अशाच दावणीला बांधलेल्या आणखी दोन बायका असतील. एकीची नणंद बाळंत झाली आणि जाता आलं नाही, दुसरीचं तीर्थाला जाणं राहून गेलं. तिघींनी मिळून ठरवा. महिन्यातून एक दिवस एकीनं दुसरीच्या गोठ्यात उभं राहायचं, फक्त म्हशीला ओळख राहावी म्हणून. मग कुणालाही गावाला जायचं असलं की बाकीच्या दोघींनी तिची धार वाटून घ्यायची. पैशाचा व्यवहार नको असेल तर त्या दिवसाचं दूध काढणारीचं. शेजारीण सांभाळत असताना जनावराला कमी-जास्त काही घडलं तर जबाबदार कोण, हे आधीच बोलून घ्या, म्हणजे नंतर कडवटपणा येत नाही. एका जरी गोठ्याला रोग लागला असेल, लाळ्या-खुरकूत किंवा लम्पी, तर पैरा थांबवायचा. एरवीही दुसऱ्या गोठ्यात जाताना हातपाय धुवायचे. लाळ्या-खुरकूताची लस सरकारी दवाखान्यातून वर्षातून दोनदा फुकट मिळते, तिघींच्या जनावरांना एकाच दिवशी टोचून घ्या.

म्हशींच्या बाबतीत निसर्गही तुमच्या बाजूचा आहे. आपल्याकडच्या म्हशी बहुतेक पावसाळ्याच्या मध्यापासून दिवाळीच्या पुढेमागे व्यातात आणि उन्हाळ्याच्या शेवटी आटतात. व्यायच्या आधी दोन महिने धार बंद ठेवावी लागते. म्हशीचे गाभणपणाचे दिवस दहा महिने दहा दिवस धरा. चंद्री आणि रानी दोघी मागेपुढे महिन्याच्या आत भरल्या, तर मे-जूनमध्ये दोघी एकदम आटलेल्या मिळतील. त्या काळात गोठ्यात फक्त वैरण-पाणी आणि शेण. ते तुमची मुलं आणि सासूबाई मिळून करू शकतील. दुधाचं बिल दोन महिने बंद राहील, हा तोटा खरा आहे, त्याची तजवीज दिवाळीपासून करावी लागेल. पण मे महिन्यात आईकडे पंधरा दिवस राहता येईल. गाय दावणीला असेल तर हे जमत नाही, तिची धार मध्येच चालू असते. माझा कल गाय विकण्याकडे का आहे, त्याचं हे दुसरं कारण.

सगळं करूनही वर्षभरानं तुम्हाला वाटलं की नको, एकही नको, तर तेही चालेल. तुमची मुलं मोठी होतील, गावाबाहेर जातील, सासूबाई थकतील. त्या दिवशी चंद्री चांगल्या घरी द्या आणि परसबाग वाढवा. शेवगा आणि वांगी यांना पहाटे साडेचारची हजेरी लागत नाही. पण ते तुमचं ठरवणं असावं. नवऱ्याच्या एका वाक्यामुळे नको, आणि आईच्या शब्दांनी झोप उडालेल्या रात्री तर नकोच. आई जे बोलली ते दुखण्यात बोलली. तुम्ही तीन तासांसाठी सहा तासांचा प्रवास केलात, तिला तो दिसला नाही.

म्हणून तीन आठवड्यांचं गणित आजपासून धरा. आईचं हाड जुळायला अजून वेळ आहे, तुम्हाला तिच्याकडे लवकर जायचंय. डॉक्टरांकडे जाऊन या, त्याच संध्याकाळी यजमानांना चंद्रीच्या तोंडाशी उभं करा आणि सासूबाईंची खुर्ची दारात ठेवा. चौथ्या सुट्टीला आदल्या दिवशी संध्याकाळची धार झाली की विट्याची गाडी पकडा, तिथून आटपाडी. पिशवीत शेवग्याच्या शेंगा आणि दहा अंडी न्या. त्या रात्री आईच्या खाटेशेजारी झोपा. सकाळी सवयीनं साडेचारला जाग येईलच. तेव्हा घरी फोन लावून किती दूध निघालं ते विचारू नका. कमी निघालं असेल. पुढच्या आठवड्यात थोडं जास्त निघेल.